निघताना एक मिनिट

ऑक्टोबरमधली गोष्ट. आमच्या ऑफिसातला एक रशियन पोरगा घर बदलत होता. पोरगा म्हणजे तेहतीस वर्षांचा, पण माझ्या पंचेचाळिशीतून बघितलं की पोरगाच. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागातली खोली सोडून पार पूर्वेच्या टोकाला, मार्त्सानला चालला होता, भाडं परवडेना म्हणून. मी आणि टीममधला अजून एकजण सामान उचलायला गेलो होतो, आणि त्याच्या शेजारच्या आजी, त्याही रशियनच, नुसत्या देखरेखीला. खाली तासाच्या भाड्यावर घेतलेली व्हॅन दुसऱ्या गाड्यांना आडवी लावलेली, मागून कोणीतरी हॉर्न मारतंय, शेवटचा खोका माझ्या हातात, खोक्यात दोन कढया आणि एक इस्त्री, आणि हा म्हणतो, "थांबा, बसूया." मला वाटलं दमला असेल. पण आजी ऑलरेडी टेकल्या होत्या, रिकाम्या कपाटाच्या तळफळीवर. तो गुंडाळलेल्या गादीवर बसला, मग आम्हीही बसलो, मी तर तो खोका मांडीवर घेऊनच. कोणी काही बोलेना. सामान गेलेल्या खोलीत साधं खाकरलं तरी घुमतं. भिंतीवर फोटो काढल्याचे फिके चौकोन, हीटरमधून टक्‌ टक्‌, खालचा हॉर्न. आणि नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. आईचा व्हिडिओ कॉल. बंद करायला गेले तर उचललाच गेला, आणि त्या अख्ख्या शांततेत स्पीकरवर माझी आई, "अगं, जेवलीस का?"

गाभाऱ्यात चप्पल घालून गेलेल्या बाईकडे बघतात तसं आजींनी माझ्याकडे बघितलं.

"आता परत बसावं लागेल," त्या म्हणाल्या. परत बसलो. पहिल्यापासून.

हे प्रकरण मला नंतर नीट कळलं. रशियन माणूस प्रवासाला निघण्याआधी घरातल्या सगळ्यांसकट एक मिनिट गप्प बसतो. जुनी समजूत अशी की घरात एक घरराख्या असतो, दोमोवोय त्याचं नाव, तो कोणाला जाऊ द्यायला राजी नसतो, मग आपण बसलो की त्याला वाटतं की हे काही कुठे चालले नाहीत, आणि तो बेसावध झाला की हळूच निघायचं. घरच बदलायचं असेल तर पूर्वी म्हातारी माणसं त्याला जुन्या जोड्यात बसायचं आमंत्रण देऊन बरोबर न्यायची म्हणे. आजींना विचारलं की याने नेला का, तर म्हणाल्या, "भाड्याच्या खोलीत कसला दोमोवोय." मला हे सगळं ऐकून परकं काही वाटलंच नाही. आमची आजी निघणाऱ्याला "कुठे" विचारू द्यायची नाही, "लांब चाललात का" असं विचारायचं. "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. आणि उंबऱ्यात कोणी शिंकलं तर चप्पल काढून परत आत, बस, पाणी पी, दोन मिनिटं जाऊ देत, मग नीघ. म्हणजे फसवाफसवी आपल्याकडेही आहेच, फक्त आपण नशिबाला फसवतो आणि ते घराला.

शार्लोटेनबुर्गला एकेकाळी लोक गमतीने शार्लोटेनग्राद म्हणायचे. क्रांतीनंतर जे रशियन बाहेर पडले त्यातले काही लाख १९२० नंतरच्या दोनतीन वर्षांत बर्लिनमध्ये येऊन पडले, आणि बरेचसे इथेच, कांटश्ट्रासच्या आजूबाजूला. रशियन प्रकाशनं, रशियन पेपर, रशियन केशकर्तनालयं. बर्लिनच का, तर त्याचं कारण अगदी किराणा छाप आहे, जर्मन मार्क रोज कोसळत होता, त्यामुळे ज्याच्या कोटाच्या अस्तरात चार डॉलर किंवा आजीचा हार शिवलेला होता त्याला इथे राजासारखं राहता येत होतं. १९२३ च्या शेवटी मार्क सावरला, बर्लिन महाग झालं, आणि हे लोक पॅरिसला सरकले. मी त्या भागातून रोज जाते, तिथे आता बहुतेक चिनी हॉटेलं आहेत, पण एका कोपऱ्यावर रशियन दुकान आहे आणि त्यात शिरलं की एक वास येतो, खारवलेली मासळी, काळा पाव, बडीशेपेच्या भावंडासारखा तो त्यांचा शेपू, आणि भाजलेल्या कुट्टूचा. कुट्टू म्हणजे आपल्याकडे उत्तरेतले लोक उपासाला खातात तोच, यांचा तो रोजचा भात. आमचा पोरगा म्हणतो की त्याला देश आठवत नाही, कुट्टू आठवतो. मला हे बोलणं जरा स्टाईल मारल्यासारखं वाटलं होतं तेव्हा. पण मग मी वर्षाला सूटकेसमधून किती मेतकूट आणते ते आठवलं आणि गप्प बसले.

सूटकेस म्हटलं की अजून एक. १९२२ च्या सप्टेंबरच्या शेवटी पेट्रोग्राडहून, म्हणजे आताच्या सेंट पीटर्सबर्गहून, एक जर्मन जहाज निघालं, नोव्हेंबरात दुसरं. लेनिनच्या सरकारला नको झालेले प्राध्यापक, तत्त्वज्ञ, लेखक त्यात भरून श्टेटिन या तेव्हाच्या जर्मन बंदरात धाडले, निकोलाय बेर्दियायेव्ह त्यातलाच. बरोबर काय न्यायचं त्याचीही यादी होती, थंडीचा एक कोट, उन्हाळ्याचा एक, एक सूट, आतले कपडे दोनच जोड. लग्नाची अंगठी सोडली तर दागिने नाहीत, गळ्यातला क्रूससुद्धा सोन्याचा असेल तर नाही. आणि परवानगीशिवाय परत आलो तर गोळी घाला अशा कागदावर सही. आपण विमानतळावर तेवीस किलोवरून काउंटरवाल्या बाईशी हुज्जत घालतो, भाजणीचं पीठ एका बॅगेतून दुसरीत कोंबतो, तेव्हा मला हल्ली ती यादी आठवते. त्यातला शर्ट कुठला निवडला असेल त्यांनी? चांगला की सवयीचा?

या लोकांना तर धाडलं, पण त्याआधीच १९२० च्या नोव्हेंबरात क्रिमियामधून १२६ जहाजं भरून दीड लाखाच्या आसपास माणसं कॉन्स्टँटिनोपलला गेली होती, हरलेलं सैन्य, बायका, पोरं. त्यातल्या बहुतेकांना वाटत होतं की हिवाळा संपला की परत. पुढच्या वर्षी डिसेंबरात सरकारने हुकूम काढून बाहेर गेलेल्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं, म्हणजे लाखो माणसं एका कागदासरशी कुठलीच राहिली नाहीत. मग राष्ट्रसंघाचं निर्वासितांचं काम बघणाऱ्या नॉर्वेच्या नान्सेनने त्यांच्यासाठी तो पासपोर्ट काढला, जो कुठल्याच देशाचा नव्हता. संगीतकार राखमानिनोव्ह १९१७ च्या डिसेंबरात बायको आणि दोन मुलींना घेऊन फिनलंडच्या सरहद्दीवर उघड्या घसरगाडीतून बर्फातून गेला तो परत आलाच नाही. अमेरिकेत त्याने भरपूर पैसा मिळवला, पियानो वाजवत गावोगाव फिरला, पण पुढच्या पंचवीस वर्षांत मोठ्या म्हणाव्यात अशा रचना सहा. हाताला काही झालं नव्हतं त्याच्या. पण माणूस पक्का, सिकोर्स्की नावाचा एक रशियन इंजिनियर लाँग आयलंडवर कोंबड्यांच्या फार्ममध्ये विमान जोडत बसला होता, पैसे संपलेले, तर याने त्याला पाच हजार डॉलर काढून दिले. हेलिकॉप्टरवाला सिकोर्स्की तो हाच. आणि लेखक नाबोकोव्ह, त्याचे वडील इथेच बर्लिनमध्ये, भर सभेत, दुसऱ्यावर झाडलेली गोळी अडवताना गेले, आणि मारणारेही रशियनच. तो पुढे अमेरिकेत प्रसिद्ध झाला, हवं ते घर घेऊ शकला असता, पण शेवटची सोळा वर्षं स्वित्झर्लंडमधल्या हॉटेलात राहिला. आयुष्यात स्वतःचं घर म्हणून घेतलंच नाही. ज्याचं घर एकदा गेलं त्याला दुसरं घेणं म्हणजे पहिल्यावर सही करून पाणी सोडल्यासारखं वाटत असेल का, काय माहीत.

मी पुण्यात टू बीएचके घेऊन ठेवलाय. कुलूपबंद.

आजींची गोष्ट वेगळी आहे. त्या लेनिनग्राडच्या, म्हणजे त्याच पेट्रोग्राडच्या, ज्यू, आणि आल्या १९९४ ला. जर्मनीने १९९१ पासून सोव्हिएत देशांतल्या ज्यूंना येऊन राहायची मुभा दिली होती, त्यातून. त्यांच्या आधीच्या पिढीतल्या कोणाला सुटायचं असेल तर फार वाईट हाल होते. त्यांच्या चुलत भावाने सत्तरच्या दशकात अर्ज केला, तो नाकारला, आणि अर्ज केला म्हणून नोकरी गेली. आता तिकडे बिननोकरीचं राहणं हाही गुन्हाच होता, म्हणून हा इंजिनियर माणूस बिल्डिंगच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायला लागला. अशा अडकलेल्यांना अत्काझनिक म्हणायचे, नकार मिळालेले. १९७२ च्या ऑगस्टमध्ये तर सरकारने अजून एक शक्कल काढली, जो शिकलेला असेल त्याने जाताना शिक्षणाचा खर्च भरायचा. डिप्लोमा टॅक्स. रक्कम म्हणजे काही वर्षांचा पगार. अमेरिकेत बोंब झाल्यावर पुढच्या वर्षी तो गुंडाळला.

हे ऐकलं आणि मला आमचे काका आठवले. दर गणपतीत, मोदक झाल्यावर, त्यांचं ठरलेलं भाषण, की सरकारच्या पैशावर पवईला शिकायचं आणि मग जाऊन अमेरिकेची भर करायची, यांच्याकडून वसूल केला पाहिजे खर्च. आम्ही हसायचो. कोणीतरी खरोखरच बिल फाडलं होतं हे तेव्हा माहीत नव्हतं. आणि त्यात गंमत अशी की पवईचं ते आयआयटी १९५८ ला उभं राहिलं तेच मुळी युनेस्कोच्या मार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीतून, यंत्रं तिकडची, शिकवायला माणसं तिकडची. म्हणजे जे आपल्या माणसाला कुंपणाबाहेर सोडत नव्हते त्यांनी आपल्याकडे कॉलेज बांधून दिलं, आणि तिथली पोरं भरभरून कॅलिफोर्नियाला गेली. काकांना हे सांगायला पाहिजे होतं. आता ते नाहीत.

तर आजींना मी एकदा चहा पिताना सरळ विचारलं होतं, की तुम्ही का सोडलंत. मला वाटलं त्या हिटलर, स्टालिन असं काहीतरी मोठं सांगतील. त्या म्हणाल्या, "दात." म्हणजे? म्हणजे मुलीचे दात किडत होते आणि तिकडच्या डेंटिस्टकडे भूल नसायची, मुलगी खुर्चीत ओरडायची आणि या बाहेर बाकावर बसून ते ऐकायच्या. एक दिवस तिथे बाकावरच ठरवलं. बाकी कारणं होती, फॉर्मवर लिहायला तीच लिहिली, तीही खोटी नव्हती, पण ठरलं ते दातांवरून. १९९० च्या आसपास गेलेल्यांना रशियनमध्ये एक कुत्सित शब्द आहे, कोल्बासावाले, म्हणजे सॉसेजसाठी गेलेले. आजींना त्या शब्दाचा राग नाही. "ज्याच्या घरात सॉसेज होतं त्यानेच तो शब्द काढला असणार," त्या म्हणतात.

या स्थलांतर करणाऱ्यांमध्ये पण उतरंड असते हे मला इथे राहून कळलं. क्रांतीनंतर गेलेले स्वतःला खरा रशिया समजायचे, पॅरिसमध्ये टॅक्सी चालवतानासुद्धा. सत्तरमधले नव्वदवाल्यांना हिशोबी समजतात, नव्वदवाले आत्ताच्यांना घाबरट. आजी पोरावर जीव लावतात, त्याला सूप करून देतात, पण एकदा मला हळूच म्हणाल्याच की आम्ही दहा वर्षं वाट बघितली, हा एका आठवड्यात पळाला. आणि तो म्हणतो की आजी अजून तिकडचा टीव्ही बघतात. मी दोघांना मान डोलावते. माझी स्वतःची उतरंड आहेच की, ऑनसाइट आलेले, एमएस करून आलेले, नवऱ्यामागे आलेले, आणि आता फूड डिलिव्हरीच्या सायकलवर दिसणारी ती बारीक पंजाबी मुलं, ज्यांच्याकडे बघून आपण फोनमध्ये डोकं घालतो.

सगळ्यात जास्त मला चिकटून बसलाय तो एक फोटो. ४ जून १९७२, लेनिनग्राडचा पुल्कोवो विमानतळ, कवी ब्रॉडस्की, वय बत्तीस, स्वतःच्या सूटकेसवर घोड्यावर बसल्यासारखा बसलाय. त्याला जायचं नव्हतं, जा नाहीतर बघून घेऊ असं सांगून घालवत होते. त्या बॅगेत टाइपरायटर होता आणि इंग्रजी कवी ऑडनला द्यायला दोन व्होडकाच्या बाटल्या. मी हा फोटो पूर्वी पण बघितला होता, ऐटीत बसलाय असं वाटलं होतं. ऑक्टोबरनंतर परत बघितला तेव्हा डोक्यात आलं, अरे, हा निघण्याआधीचं बसलाय की काय! असेलही, नसेलही. त्याचे आईवडील पुढे वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले, मुलाला एकदा भेटू द्या म्हणून, आणि दर वेळी नाही. आई गेली १९८३ ला, बाप त्याच्या पुढच्या वर्षी. १९८७ ला नोबेल मिळालं. नंतर दारं उघडली तेव्हा त्याला जाता आलं असतं, तो गेला नाही. पुरला सुद्धा व्हेनिसमध्ये.

आमच्या पोराचं मात्र अगदी काल परवाचं. १४ सप्टेंबर २०२२ ला मॉस्कोमध्ये अण्णाभाऊ साठ्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, आमच्या फॅमिली ग्रुपवर फोटोंचा नुसता पाऊस, मी ऑफिसात त्याच्याच शहराचे फोटो म्हणून कौतुकाने दाखवले असते, पण तो तेव्हा अजून आलाच नव्हता. बरोबर सात दिवसांनी पुतिननी सैन्यभरती जाहीर केली. तीन लाख माणसं उचलायची असं आकडा सांगून. हा तिकडे विमानाने व्लादिकावकाझला, तिथून टॅक्सीने जॉर्जियाच्या सरहद्दीकडे, वेर्खनी लार्स नावाचा एकच रस्ता डोंगरातून, आणि त्यावर गाड्यांची रांग मैलोन्‌मैल. पायी जायला एरवी परवानगी नाही, चाकावर पाहिजे, म्हणून लोकांनी सायकली घेतल्या, लहान मुलांच्या ढकलायच्या स्कूटर घेतल्या. याला मिळाली ती मुलीची सायकल, गुलाबी, पुढे बास्केट, तिप्पट पैसे. गुडघे हँडलला आपटत होते म्हणे. पलीकडे गेल्यावर ती भिंतीला टेकवून ठेवली आणि तिबिलिसीची बस पकडली. तिथल्या भिंतींवर लिहिलेलं, रशियनांनो घरी जा. "त्यांचं बरोबरच होतं," तो म्हणतो, २००८ ला आमचे रणगाडे तिकडे गेले होते. तो स्वतःला निर्वासित म्हणवून घेत नाही. इथे स्टेशनवर त्याने युक्रेनहून आलेल्या बायका बघितल्यात, एका हातात मूल, एका हातात मांजराचा पिंजरा. "त्यांची घरं पडली. माझं आहे. माझ्या खोलीत आई शिवणाचं मशीन ठेवते आता." लोकलमध्ये तो फोनवर रशियन बोलत नाही, उतरून बोलतो.

त्या दिवशी व्हॅनमध्ये मी त्याच्या शेजारी बसले होते. मार्त्सान येईपर्यंत पाऊण तास लागतो. पश्चिमेला यायचं म्हणून एवढं केलं आणि शेवटी पूर्वेलाच चाललो, असं काहीतरी तो हसत बोलत होता. मार्त्सान म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीतल्या उंच उंच इमारती, रशियातून आलेल्या जर्मन वंशाच्या लोकांची मोठी वस्ती, लिफ्टमध्ये रशियन ऐकू येतं. मी फोनच्या प्रकाराबद्दल परत सॉरी म्हटलं. तो म्हणाला,

"आई काय म्हणत होती?"

"जेवलीस का."

"रोज विचारते?"

"रोज."

मग बराच वेळ काही नाही. त्याची आई टीव्हीवर सांगतात ते खरं मानते. त्यामुळे ते दोघं युद्धावर बोलत नाहीत, हवेवर बोलतात, कुट्टूच्या भावावर बोलतात. २०२५ च्या ऑगस्टपासून तर तिकडे व्हॉट्सॲपवर कॉलही धड लागत नाही, मग ती मेसेज पाठवते, आज आठ डिग्री. तो उत्तर देतो, इथे अकरा. सिग्नलला थांबलो तेव्हा त्याने विचारलं की तू कधी जाणार भारतात. म्हटलं, डिसेंबरमध्ये. तर म्हणाला, "म्हणजे तुला जाता येतं." हो. "आणि कोणी काही करणार नाही तुला तिथे." नाही रे, काय करणार, फार तर शेजारच्या काकू वजनावर बोलतील. "मग तू का सोडलंस?"

टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

मी सांगायला सुरुवात केली. की दोन वर्षांसाठी आलो होतो. की मग मुलाची शाळा. की नवऱ्याचा प्रोजेक्ट. की पुण्यातलं ट्रॅफिक, की इथली हवा, की तिकडे आता कोण उरलंय असं, आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं की मी कारणं देत नाहीये, तारखा देतेय. अकरा वर्षांत कुठल्याही एका दिवशी मी देश सोडायचा असं ठरवलेलं मला आठवत नाही. त्याला दिवस माहीत आहे, आजींना तर बाकसुद्धा माहीत आहे. माझ्याकडे नुसती रिटर्न तिकिटं आहेत, पुढे ढकललेली. मला त्याक्षणी त्याचा हेवा वाटला हे लिहायला लाज वाटते, पण वाटला. असं कोणाच्या दुःखाचा हेवा करणं म्हणजे भरल्या पोटी उपासाचं कौतुक. तो सिग्नल सुटला, आणि त्याने विषय बदलला, बिचाऱ्याने.

परवा पुण्याहून परत निघाले. पहाटे साडेतीनची कॅब, मुंबईला जायचं तर तेवढं लवकर लागतंच. हॉलमधली ट्यूब लावलेली, बाबा स्वेटर घालून बॅगांची चेन तिसऱ्यांदा तपासतायत, आईने हातावर दही ठेवलं, साखर नेहमीसारखी जास्त. पासपोर्ट, चार्जर, चकल्यांचा डबा वर ठेव नाहीतर चुरा होतो. खालून ड्रायव्हरचा फोन, मॅडम गेटपाशी आलोय. आणि मी चपला घातलेल्या, दार उघडलेलं, पर्स खांद्याला, अशीच त्या चपलांच्या रॅकजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. काही बोलले नाही. बाबा बॅग धरून तसेच उभे. मग तेही सोफ्याच्या कडेला टेकले. फ्रिज गुरगुरत होता, कुठेतरी पाण्याच्या टाकीची मोटर चालू झाली.

आई स्वयंपाकघराच्या दारातून आमच्या दोघांकडे बघत होती. हातातला ओला टॉवेल तसाच.

"काय गं," ती म्हणाली, "कोणी शिंकलं का?"